निशाणांची फोड

युनिक्स किंवा लिनक्सवर काम करणारे लोक ७५५ हा आकडा 'सातशे पंचावन्न' असा वाचत नाहीत. 'सात पाच पाच' असे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. इथे शतक, दशक, एकक असा प्रकारच नसतो. फाइलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे अशा तिघांच्या वाट्याला एकेक अंक आलेला असतो. त्या एकेका अंकाच्या पोटात पुन्हा तीन होकार-नकार दडलेले असतात. वाचायची मुभा असेल तर ४, लिहायची असेल तर २, फाइल चालवायची असेल तर १. मालकाला तिन्ही मुभा, म्हणून ७. इतरांना वाचता आणि चालवता येते, पण लिहिता येत नाही, म्हणून ५.

१, २, ४ हेच आकडे का, याचे उत्तर सोपे आहे. या तिघांची कोणतीही बेरीज एकाच प्रकारे फोडता येते. ५ म्हणजे ४ आणि १, दुसरे काही असूच शकत नाही. त्याऐवजी १, २, ३ घेतले असते तर ३ म्हणजे एक मुभा की दोन, हे कळायला मार्ग उरला नसता. दुपटीने वाढणाऱ्या संख्यांचा हाच गुण आहे. कितीही एकत्र मिसळल्या, तरी प्रत्येकीची ओळख शाबूत राहते.

ज्याने शाळेत वृत्ते शिकली आहेत, त्याला हे पाहून काहीतरी ओळखीचे वाटायला हवे. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आपण पाठ करतो. तीन अक्षरांचा गण, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून गण आठ. युनिक्सच्या एका अंकातही तीन जागा असतात, प्रत्येक जागा शून्य किंवा एक, म्हणून ० ते ७ असे आठच अंक. गुरूला १ आणि लघूला ० मानले की दोन्ही याद्या तंतोतंत जुळतात. तिन्ही गुरू असलेला मगण म्हणजे ७. गुरू, लघू, गुरू असा रगण म्हणजे ५. तेव्हा ७५५ चे गण पाडले तर 'म र र' असे येतात. साध्या मजकुराच्या फाइलला सहसा ६४४ अशी मुभा असते, ती 'त भ भ'. उलट बाजूने पाहिले, तर मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत त्याचे चार यगण अंकांत ३३३३ असे उतरतील.

हा निव्वळ योगायोगाचा खेळ नाही. दोन पर्यायांच्या तीन जागा म्हटल्या की आठच आकार संभवतात, मग ती जागा अक्षराची असो वा विजेच्या दाबाची. मला इथे खरी ओढ आहे ती शब्दांची. या आठ आकारांना नुसती नावे देऊन आपले छंदःशास्त्र थांबलेले नाही. आकारावरून आकडा काढणे आणि आकड्यावरून आकार काढणे, या दोन क्रियांनाही त्याने स्वतंत्र नावे दिली. ते दोन शब्द आजही रोजच्या मराठीत आहेत. फक्त त्यांचे हे जुने काम आपण विसरलो आहोत.

ते शब्द म्हणजे 'उद्दिष्ट' आणि 'नष्ट'.

पिंगलाचे छंदःसूत्र साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून थोडे जुने. ठरावीक अक्षरांच्या ओळीत लघू-गुरूंच्या जेवढ्या जुळण्या होऊ शकतात तेवढ्या क्रमाने मांडणे म्हणजे 'प्रस्तार'. तीन अक्षरांच्या प्रस्तारात आठ ओळी येतात. पहिली तीन गुरूंची, आठवी तीन लघूंची. आता समजा या मांडणीतली सहावी ओळ पुसली गेली. सगळा प्रस्तार पुन्हा न मांडता ती कशी परत मिळवायची? पिंगलाची रीत अशी : संख्या सम असेल तर निम्मी करा आणि लघू लिहा, विषम असेल तर एक मिळवून निम्मी करा आणि गुरू लिहा. सहा सम, म्हणून लघू, उरले तीन. तीन विषम, म्हणून गुरू, एक मिळवून निम्मे केले की दोन. दोन सम, म्हणून लघू. लघू, गुरू, लघू : हा जगण. हरवलेली ओळ सापडली. या क्रियेचे नाव 'नष्ट'.

'नश्' या धातूचा जुना अर्थ दिसेनासे होणे, हरवणे असाही आहे. ज्योतिषात 'नष्टजातक' म्हणतात ते याच अर्थाने. ज्याची जन्मवेळ ठाऊक नाही अशाची पत्रिका मागे जात जात मांडणे म्हणजे नष्टजातक. मराठीत मात्र 'नष्ट' या शब्दातून परतीची वाट पुसली गेली आणि उरला तो केवळ संहार. पुरावे नष्ट केले म्हणजे ते पुन्हा मिळणार नाहीत. छंदःशास्त्रातले 'नष्ट' हे परत मिळवण्यासाठीच नष्ट असते.

'उद्दिष्ट' ही उलटी वाट. ओळ समोर आहे, तिच्याकडे बोट दाखवले आहे, आता तिचा क्रमांक सांगा. 'उद्' आणि 'दिश्', म्हणजे दाखवलेले, निर्देश केलेले. आज आपण 'उद्दिष्ट गाठले' म्हणतो तेव्हा बोट दाखवण्याचा अर्थ शिल्लक असतोच, पण ते बोट आता दूरच्या क्षितिजाकडे वळलेले असते. केदारभट्टाच्या 'वृत्तरत्नाकरा'त उद्दिष्टाची जी रीत आहे, ती तर आजच्या प्रोग्रामरने जशीच्या तशी वापरावी अशी आहे. अक्षरांच्या डोक्यावर डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे आकडे लिहा, लघूंवरचे आकडे तेवढे मिळवा आणि वर एक घाला. लघू, गुरू, लघू यांच्यावर १, २, ४ लिहिले. लघूंवरचे १ आणि ४ मिळून पाच, वर एक घातला की सहा. पुन्हा तीच सहावी ओळ.

इथे एक फरक नोंदवायला हवा. मघाशी मी गुरूला १ मानून उजवीकडून किंमत वाढवत गेलो. प्रस्ताराच्या हिशेबात किंमत लघूला असते, ती डावीकडून वाढते आणि मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू होते. शिवाय पिंगलाला वृत्ते मोजायची होती, परवानग्या तपासायच्या नव्हत्या. एका जुळणीवर दुसरी ठेवून तिसरी काढायची गरज त्याला पडली नाही. म्हणून पिंगलाने संगणकाचा शोध लावला असे म्हणणे मला पटत नाही, आणि पिंगलाच्या खऱ्या कामावरही त्याने अन्याय होतो. मात्र दुपटीच्या वजनांनी जुळणीचा आकडा करणे आणि निम्मे करत करत आकड्याची जुळणी करणे, ही क्रियांची जोडी त्याच्या परंपरेत स्पष्ट आहे आणि तिला नावे आहेत. एखाद्या प्रोग्रामला दिलेले पर्याय एका संख्येत बांधणे हे उद्दिष्ट, आणि आलेल्या संख्येतून ते पर्याय पुन्हा वेगळे काढणे हे नष्ट. ही शब्दांची जोडी मराठी पाठ्यपुस्तकांनी निःसंकोच उचलावी, असे मला मनापासून वाटते.

आता ज्या कणांची ही जुळणी होते त्या 'बिट'कडे येऊ. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल'मध्ये माहितीच्या मोजमापावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला आणि त्यात हा शब्द जॉन टूकी यांनी सुचवल्याचे सांगितले. बायनरी डिजिट, म्हणजे द्विमान अंक, याचा तो संक्षेप. पण हा संक्षेप इतका पटकन रुजला, कारण इंग्रजीत 'बिट' हा शब्द आधीपासून होताच. त्याचा अर्थ तुकडा, आणि मुळात चावून तोडलेला तुकडा. चावणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद 'बाइट' हे त्याचे सख्खे भावंड. १९५६ साली आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्झ यांनी बिटांच्या गटाला 'बाइट' हे नाव दिले तेही याच खाण्याच्या अर्थावरून. बिटशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी फक्त एका स्वराचे स्पेलिंग बदलले.

इंग्रजी आणि संस्कृत यांच्या सामाईक पूर्वजापासून आलेले ध्वनी ठरावीक नियमाने बदलतात. आपला 'भ' तिकडे 'ब' होतो, आपला 'द' तिकडे 'ट' होतो. भ्राता आणि ब्रदर, दश आणि टेन, द्वि आणि टू. हाच नियम 'भिद्' या धातूला लावा, की तिकडे 'बिट' मिळतो. ही नुसती ध्वनीची जुळणी नाही. भाषाशास्त्राने या दोघांचे मूळ एकच मानले आहे आणि त्याचा अर्थ आहे दुभंगणे, तोडणे. म्हणजे भेद, भिन्न, अभेद्य, मतभेद हे आपले शब्द आणि संगणकातला बिट हे एकाच घरातले. अर्थही किती नेमका बसतो! शून्य आणि एक यांच्यातला फरक, याहून लहान भेद असूच शकत नाही. बायनरीतला 'बाय' लॅटिनमार्गे आपल्या 'द्वि'शी जाऊन भिडतो. डिजिट म्हणजे लॅटिनमध्ये बोट, आणि हे बोट 'दाखवणे' या अर्थाच्या मुळापासून, म्हणजे आपल्या 'दिश्' धातूच्या मुळापासून आले असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. ते खरे असेल तर 'डिजिटल'मधले बोट आणि 'उद्दिष्ट'मधले बोट एकच ठरते.

हे सुटे बिट जेव्हा पर्याय म्हणून वापरले जातात तेव्हा त्यांना 'फ्लॅग' म्हणतात. बिट १ असला की फ्लॅग वर, ० असला की खाली. इंग्रजी फ्लॅगची व्युत्पत्ती नक्की झालेली नाही. वाऱ्यावर फडफडण्याच्या आवाजावरून तो आला असावा असा एक तर्क आहे. मराठीत 'झेंडा' म्हणावे असे कोणालाही सुचेल, पण माझे मत 'निशाण' या शब्दाला आहे. फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे दोन्ही अर्थांनी रुळला. फौजेच्या पुढे निशाणाचा हत्ती चाले तिथे तो ध्वज. 'निशाणी' म्हटले की खूण. जुन्या मोडी कागदांवर न लिहिणारा कुणबी सहीच्या जागी नांगराचे चित्र काढी आणि शेजारी लेखनिक 'निशाणी नांगर' असे लिही. अंगठ्याच्या ठशाशेजारी 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिण्याची रीत अजून गेलेली नाही. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत तर दाव्यात दाखल झालेल्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो आणि वकीलमंडळी 'निशाणी ५ चा अर्ज' असेच बोलतात. फ्लॅग बिटाला नेमके हेच हवे आहे. उभारता येते आणि उतरवता येते म्हणून तो ध्वज. काहीतरी मान्य आहे याची एका जागेवर केलेली नोंद, म्हणून ती खूण. इंग्रजी शब्दात पहिली बाजू ठळक आहे. मराठी शब्दात दोन्ही आहेत.

निशाणे एकत्र बांधायची तर प्रोग्रामर उभी रेघ वापरतो : |. तिचे नाव 'ऑर', म्हणजे किंवा. नवशिक्याची पहिली अडचण इथेच येते. त्याला म्हणायचे असते, 'ही फाइल फक्त लिहिण्यासाठी उघड, आणि नसेल तर तयार कर, आणि मजकूर शेवटी जोड.' तोंडात दोन वेळा 'आणि' येते आणि कागदावर 'किंवा'. कारण साधे आहे. इथला 'किंवा' हा त्याच्या मनातल्या कामांना लावलेला नाही, प्रत्येक जागेवरच्या बिटाला लावलेला आहे. या जागी पहिल्यात एक आहे किंवा दुसऱ्यात एक आहे, तर उत्तरात एक ठेव.

मराठी बोलणाऱ्याला हे समजावणे तसे सोपे पडावे. इंग्रजीच्या एका 'ऑर'च्या जागी आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'चहा घेणार की कॉफी?' यातला 'की' एकच निवडायला लावतो. 'सर्दी किंवा खोकला असेल तर येऊ नका' यातला 'किंवा' दोन्ही असलेल्या माणसालाही घरीच बसवतो. उभी रेघ ही हा दुसरा, सगळ्यांना सामावून घेणारा 'किंवा'. पहिल्या, निवड मागणाऱ्या 'की'साठी प्रोग्रामरकडे वेगळी क्रिया आहे, तिला 'एक्सऑर' म्हणतात. अध्यापकांनी वर्गात 'की' आणि 'किंवा' यांतला हा फरक वापरावा. तो मुलांच्या कानात आधीच बसलेला असतो.

साध्या इंटेल यंत्रावरच्या लिनक्समध्ये वरचे तीन पर्याय एकत्र केले तर १०८९ ही संख्या बनते. एखाद्या नोंदवहीत नुसता हा आकडा समोर आला तर त्याची फोड अशी : १०२४, ६४ आणि १. पैकी १०२४ म्हणजे 'अपेंड', शेवटी जोडा. ६४ म्हणजे 'क्रिएट', नसेल तर बनवा. १ म्हणजे फक्त लिहिण्यासाठी. (या क्रिएटच्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' युनिक्सच्या कर्त्यांनी गाळला. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, या प्रश्नावर केन थॉम्प्सन यांनी तो 'ई' परत लावण्याचे सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.)

एखादे निशाण उभे आहे का, हे पाहायला उलट 'अँड' लागतो, आणि त्याचे चिन्ह &. हे चिन्ह म्हणजे लॅटिन 'एत्' या शब्दाची दोन अक्षरे एकमेकांत गुंतून झालेली आकृती. १०८९ & ६४ केले की ६४ च्या जागेखेरीज सगळे पुसले जाते. उत्तर शून्य नसेल तर निशाण उभे आहे. पण सी भाषेत ही तपासणी कंसाशिवाय लिहिली तर ती फसते, आणि त्यालाही एक इतिहास आहे. सीच्या आधीच्या भाषांत & हाच शब्दशः 'आणि' म्हणूनही वापरला जाई, दोन अटी जोडायला. म्हणून त्याची पाळी 'बरोबर आहे का' या तुलनेच्या नंतर ठेवली होती. पुढे अटी जोडायला && हे वेगळे चिन्ह आले, पण जुन्या & ची पाळी तशीच राहिली. डेनिस रिची यांनी १९९३ साली सीच्या घडणीवर लिहिलेल्या लेखात हे मोकळेपणाने सांगितले आहे. आजही निशाण तपासताना कंस विसरला की तुलना आधी होते आणि निशाणाचा नंबर नंतर लागतो. सीतल्या एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे व्हायला थोडा उशीर झाला, त्याची ही खूण.

ज्या संख्येने आपण इतर बिट पुसतो तिला 'मास्क' म्हणतात. कोशात मास्कला 'मुखवटा' हा प्रतिशब्द सहज सापडतो. पण मराठी मुखवटा लपवण्यापुरता नसतो. गौरीचे मुखवटे, पालखीतला देवाचा मुखवटा : ही देवता दिसावी म्हणून केलेली सोय आहे. संगणकातला मास्क रांगोळीच्या छाप्यासारखा असतो. जिथे भोक आहे तिथूनच पूड खाली उतरते, बाकी पत्रा अडवून धरतो. म्हणून मी त्याला 'छापा' म्हणेन. आणि कोणते बिट भोक, कोणते पत्रा, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्यावे लागते. & बरोबर वापरलेल्या साध्या मास्कमध्ये १ म्हणजे भोक. युनिक्सच्या 'यूमास्क'मध्ये नेमके उलटे, तिथे १ म्हणजे अडवणूक. यूमास्क ०२२ असेल आणि नवी फाइल ६६६ मागत असेल तर गट आणि इतर यांच्या लिहिण्याच्या मुभा कापल्या जाऊन ६४४ उरते. शब्द एकच, अर्थ विरुद्ध. यातून गोंधळ झाला नसता तरच नवल.

अशी अनेक निशाणे एकदम उतरवायची तर सगळ्यांचा 'किंवा' करून तो उलटा करता येतो, नाहीतर प्रत्येक उलटे करून त्यांचा 'आणि' करता येतो. दोन्हींचे फळ एकच. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. पुढे दिल्लीच्या रामचंद्र या गणितज्ञाचे कमाल-किमान किमतींवरचे पुस्तक त्यांनी १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा छापवून आणले.

एक पेच मात्र राहतोच. फाइल उघडताना 'फक्त वाचणे' या पर्यायाची किंमत आहे शून्य, 'फक्त लिहिणे' याची १ आणि 'दोन्ही' याची २. म्हणजे वाचण्याला स्वतःचे निशाणच नाही. शून्याशी काहीही & केले तरी शून्यच येणार, तेव्हा नेहमीची तपासणी इथे कधीच होकार देणार नाही. 'दोन्ही' म्हणजे १ आणि २ मिळून ३, अशीही इथली रचना नाही. ही तीन निशाणे नसून दोन बिटांत बसवलेली एक छोटी संख्या आहे, आणि तिला निवड मागणारा 'की' लागू पडतो : वाचणे की लिहिणे की दोन्ही. म्हणून इथे आधी ३ चा छापा लावून ते दोन बिट वेगळे काढायचे आणि मग उरलेली संख्या ०, १, २ पैकी कोणती ते पाहायचे. मुळात सांकेतिक मजकूर फोडणे याला इंग्रजीत 'डिसायफर' म्हणतात, त्यातला 'सायफर' अरबी 'सिफ्र'वरून आला, आणि अरबांनी तो शब्द आपल्या 'शून्या'ला प्रतिशब्द म्हणून योजला होता. १०८९ वर ३ चा छापा ठेवला की १ उरतो : फक्त लिहिणे. १०८८ वर ठेवला की काहीच उरत नाही, आणि तिथे ते काहीच न उरणे हेच 'वाचा' असे सांगत असते.